नव्याने चिकटवलेली व्हिनाइल शीट : पॉलिश करावे का, आणि पहिला पोछा कधी मारावा?

कोब्यावरचा (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या पुढच्या खोलीत आणि देवघरात जुन्या सिमेंटच्या कोब्यावर परवाच व्हिनाइलची शीट सोल्युशन लावून पूर्ण चिकटवून घेतली. रोलची रुंदी पुरली नाही, त्यामुळे दोन्ही खोल्यांत मधोमध एकेक जोड आला आहे. काम करणाऱ्या मुलांनी जाताना वरून पॉलिश मारून घ्यायला सांगितले, तर दुकानदार म्हणतो की काहीच लावायचे नाही. आईला फिनाईल टाकून पोछा मारल्याशिवाय घर स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाही, आणि भिंतीच्या कडेला राहिलेले सोल्युशनचे पिवळे डाग ओल्या फडक्याने निघत नाहीत. खिडकीत कूलर सुरू आहे आणि मोटारसायकल रात्री पुढच्या खोलीतच उभी असते, हेही सांगून ठेवतो. पावसाळ्यापूर्वी नेमके काय करून घ्यावे?

फिटिंगवाला (अमरावती)

दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. घरगुती वापराच्या बहुतेक शीटवर कारखान्यातच पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो. त्यावर पॉलिश नीट धरत नाही, काही दिवसांत त्याचे पापुद्रे निघतात आणि त्यांत धूळ अडकून फरशी मळकट दिसू लागते. असा थर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या व्हिनाइल टाइल्सना मात्र अॅक्रिलिक पॉलिशचे दोन-तीन पातळ हात लागतात, आणि त्या मुलांची सवय बहुधा तिथलीच असावी.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते जोडावर करावेत, कारण पाणी शिरते ते तिथूनच. जोड बंद करणारे पातळ द्रावण ट्यूबमध्ये मिळते. आधी जोड कोरडा व स्वच्छ करून त्यावर कागदी टेप दाबून चिकटवावी, जोडाच्या रेषेवर ती ब्लेडने हलकेच चिरावी, ट्यूबची सुईसारखी चोच त्या चिरेत घालून संथपणे पुढे न्यावी आणि द्रावण आळल्यावर टेप ओढून काढावी. टेप लावली नाही तर द्रावण शीटवर पसरते आणि तो चमकदार ओघळ कायमचा राहतो. हे द्रावण चटकन पेट घेते; देवघरात काम करताना दिवा विझवलेला असावा आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

पिवळे सोल्युशन रबरी असल्यामुळे पाण्याने निघणार नाही. फडक्याला थोडे टर्पेंटाइन लावून, आधी कोपऱ्यात एका ठिकाणी पाहून, डाग हलकेच चोळावा आणि लगेच साबणाच्या पाण्याने पुसावे. थिनर, पेट्रोल किंवा नखांचे अॅसिटोन वापरू नये. त्याने शीटच मऊ पडते. पहिले तीन-चार दिवस नुसता झाडू पुरे, त्यानंतर घट्ट पिळलेला पोछा चालेल. पाणी ओतून फरशी धुण्याची पद्धत मात्र इथे सोडावीच लागेल.

आर्वीची ताई (जि. वर्धा)

आईंना समजावताना एवढेच सांगावे की फिनाईलचा चिकट थर मागे राहतो आणि वावरातून पायांबरोबर आलेली माती त्यावरच बसते. बादलीभर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, नंतर एकदा साध्या पाण्याचा हात, एवढ्याने काम होते. संडासाचे अॅसिड आणि घासायची तारेची जाळी या फरशीजवळ आणूच नये. हळद सांडल्यास लगेच साबणाने पुसावी. उरलेली पिवळी झाक उजेडात हळूहळू फिकी पडते, म्हणून घाबरून खरवडत बसू नये.

माझा मोठा आक्षेप मोटारसायकलीला आहे. टायरमधील आणि रबरी पायपुसण्यातील रसायन व्हिनाइलमध्ये उतरून तपकिरी डाग पडतो, आणि तो कशानेही जात नाही. गाडी ओसरीवर ठेवता येत नसेल तर तिच्या दोन्ही चाकांखाली आणि स्टँडखाली लाकडी फळी ठेवावी. दारात रबर नसलेले काथ्याचे पायपुसणे वापरावे. कूलरचे ठिबकणारे पाणी ट्रेमध्ये घ्यावे, कारण लोखंडी स्टँडच्या पायांखाली साचलेल्या पाण्याचे गंजाचे डागही असेच चिवट असतात.

कोब्यावरचा

फळ्या आजच टाकतो. तिसऱ्या खोलीत, जिथे कापूस साठवतो, तिथेही हीच शीट लावण्याचा विचार आहे. काही हरकत?

बांधकामवाला (चंद्रपूर)

त्या खोलीची घाई करू नये. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, आणि कोब्याखाली ओल अडवणारा थर घातलेला नसेल तर ती ओल वर चढून चिकटवण सोडवते व शीटला फुगे येतात. आता उन्हाळ्यात कोबा कोरडा दिसेल, पण त्यावर विसंबू नये. भर पावसाळ्यात दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आत थेंब धरले किंवा खालचा कोबा काळपट दिसला, तर ती खोली कोब्याचीच राहू द्यावी.

लावलेल्या दोन खोल्यांत पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा हवा. दुपारचे ऊन थेट एकाच जागी पडत राहिले की तिथला रंग उडतो आणि जोडाच्या कडा उचलू लागतात.