आरोग्यविम्याचा हक्क ‘सर्वांना’ म्हणजे नेमका कोणाला?

बागायतदार, देवगड
महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षणाची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख रुपयांवर नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. त्यासाठी शिधापत्रिका किंवा अधिवासाचा पुरावा लागतो. आमच्या आंब्याच्या कलमबागांत राखणीला नेपाळहून येणाऱ्या माणसांकडे यांपैकी काहीच नसते. गेल्या हंगामात एक राखणदार कलमावरून पडला, मांडीचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेचे पैसे आम्ही तीन बागायतदारांनी मिळून भरले. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ही माणसे येथे कायदेशीरपणे राहून काम करतात. मग विम्याच्या हक्कातून त्यांना वगळणे योग्य आहे का?

एक वाचक, गुहागर
माझ्या मते ही जबाबदारी मालकाची आहे. कामावर झालेल्या इजेबद्दल भरपाईच्या कायद्याने मालकावर दायित्व टाकलेले आहे. राज्याचा पैसा आधी येथल्या रहिवाशांवर खर्च व्हावा.

वकील, रत्नागिरी
भरपाई कायदा कामावरच्या अपघाताला उपयोगी पडतो, परंतु बोटीवरच्या खलाशाला लेप्टोस्पायरोसिस झाला किंवा अपेंडिक्स फुटले, तर तो बहुधा कामी येत नाही, आणि माणसे आजारी पडतात ती अपघातापेक्षा अशाच कारणांनी अधिक. गुहागरच्या वाचकांनी रहिवासाची अट मांडली आहे, म्हणून १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यातला निकाल येथे सांगणे आवश्यक वाटते. रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील सरकारी रुग्णालये एकामागून एक परत पाठवत राहिली होती. वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग आहे आणि पैशाच्या अडचणीमुळे राज्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात ठरवले. कलम २१ चे संरक्षण केवळ नागरिकांपुरते नाही. तेव्हा निदान तातडीच्या उपचारांसाठी तरी विमा कागदपत्रांवर अडू नये, असे माझे ठाम मत आहे.

आरोग्यसेविका, दोडामार्ग
हक्क सर्वांना मिळावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांची आहे. रोजची रक्तदाबाची गोळी तिच्यातून येत नाही. आमच्याकडचा गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावा लागतो आणि २०१८ मध्ये तेथे परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा आपण स्वतःच ‘बाहेरचे’ ठरलो होतो, हे सिंधुदुर्गातल्या माणसाने तरी विसरू नये. फुरसे चावलेल्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष देताना आम्ही त्याची शिधापत्रिका पाहत नाही. तेथे औषध आणि डॉक्टर हजर असणे, एवढाच प्रश्न असतो.

बागायतदार, देवगड
ताई, आपले म्हणणे पटले. मालकाचे दायित्वही मी नाकारत नाही. फवारणीप्रमाणे गड्यांच्या अपघातविम्याचा खर्चही हंगामाच्या हिशेबात धरावा, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. परंतु आजारपणाचा भार एकेका बागायतदाराला पेलणार नाही. म्हणून हंगामी कामगारांची ग्रामपंचायतीत नोंद व्हावी आणि त्या नोंदीवर योजनेचा लाभ मिळावा, अशी मागणी येत्या ग्रामसभेत लेखी देणार आहोत. वकील साहेबांनी मसुदा पाहून दिल्यास उपकार होतील.