नुसती टेप पुरे म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे चौकात उभं राहून बघावं

वडगावकर
काल एकानं लिहिलं होतं, "ट्रॅफिक पोलीस आणि होमगार्डना लाईटची जॅकेटं, लाईटचे हातमोजे कशाला? चंदेरी टेपचं पिवळं जॅकेट बास झालं, बाकी सगळा टेंडरचा खेळ." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहूलोय.

टेपला स्वतःचा उजेड नसतो. गाडीचा हेडलाईट पडला की तो आला तिकडंच परत पाठवायचा, एवढंच तिचं काम. म्हणजे ज्याच्या गाडीचा लाईट थेट अंगावर पडेल त्यालाच माणूस दिसणार. बोळातून आडवा येणारा, एक लाईट गेलेला टेम्पो, सायकलवरचा दूधवाला, माघात मायाक्का चिंचलीच्या जत्रेला निघालेल्या बैलगाड्या, यांच्या दृष्टीनं ती नुसती राखाडी पट्टी. ट्रकवाल्याचं अजून वेगळं. तो बसतो उंच केबिनमध्ये आणि लाईट असतात खाली, त्यामुळं परत आलेला उजेड बराचसा त्याच्या डोळ्यांच्या खालूनच जातो, कारवाल्याला लख्ख दिसणारी टेप त्याला मंद दिसते. आणि जॅकेटाचा तो पिवळा-पोपटी रंग उन्हातल्या अतिनील किरणांवर चमकतो, दिवसा आणि तिन्हीसांजेला उत्तम, रात्री काही कामाचा नाही.

आता मुख्य मुद्दा. चौकातला माणूस नुसता दिसून भागत नाही, त्याचा हात दिसायला पाहिजे. जॅकेट छातीवर आणि इशारा हातानं. कुणीतरी उभं आहे एवढं कळतं, पण तो थांब म्हणतोय का ये म्हणतोय ते कळत नाही, आणि तेवढ्यात गाडी अंगावर आलेली असते. रेल्वेत दिवसा झेंडी आणि रात्री लाल-हिरवी हातबत्ती हे किती जुनं आहे. विमानतळावर रात्री विमान जागेवर लावून घेणारा माणूस दोन्ही हातांत पेटत्या कांड्या घेऊन उभा असतो. मग आमच्या होमगार्डनं अंधारात मोकळे हात का हलवायचे?

अनगोळ नाका
ते लिहिणारा मीच आणि मी अजून त्यावर ठाम आहे. लाईटचं सामान पहिल्या दिवशी फोटोत छान दिसतं. नंतर चार्ज कोण करणार? सहा महिन्यांनी जाऊन बघा, खांद्यावरचा ब्लिंकर अर्ध्यांचा बंद आणि उरलेल्यांचा कपाटात. आपल्याकडं जूनपासून जो पाऊस लागतो त्यात स्वस्तातल्या एलईडीत पाणी शिरायला किती वेळ लागतो?

दुसरं, लाल-निळं लुकलुकणं आता सगळीकडं आहे. बॅरिकेडवर आहे, ढाब्याच्या बोर्डावर आहे, पोरांच्या बाईकवर पण आहे. लुकलुकणारा दिवा अंधारात लक्ष वेधतो हे मान्य, पण तो किती लांब आहे ते डोळ्याला नीट कळत नाही, नुसता ठिपका दिसतो. चांगलं जॅकेट घ्यायचं तर आयएसओ २०४७१, म्हणजे लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक, बघून घ्या, त्यातला तिसरा वर्ग घ्या. त्यात धडाबरोबर बाह्यांवर तरी नाहीतर पायांवर तरी पट्ट्या असाव्याच लागतात. बाह्यांचं घ्या, हात दिसायची सोय झाली. बॅटरी नको, चार्जर नको.

खानापूर रोड
अनगोळ नाका, तुम्ही थंडीत पहाटे आमच्याकडं आलायसा काय कधी? धुकं असं असतं की समोरचा दगडी पूल दिसत नाही. धुक्यात टेपचं काय होतं ऐका. हेडलाईटचा उजेड धुक्यातून माणसापर्यंत जाणार आणि तेवढ्याच धुक्यातून परत येणार, म्हणजे दोनदा मार खाणार. हातातला दिवा एकदाच मार खातो. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. चालकाला उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच २०-२५ मीटर संपले, गाडी थांबायची बाकीच आहे. लोक धुक्यात अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा हेडलाईट, मारतात ते तर आणखी वाईट, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. तिथं हातातली लाल लाईटची दांडी हलताना दिसली तरच माणूस ब्रेक मारतो.

निपाणीकर
तुम्ही होमगार्डच्या जॅकेटावर भांडताय आणि तिकडं हायवेला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललाय, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर हातभर लोंबलेला. नियमात मागं लाल रिफ्लेक्टर पाहिजे म्हणून लिहिलंय. माझा चुलतभाऊ अशाच ट्रॉलीत घुसला, तवंदी घाट उतरून आल्यावर. बाईकचा लाईट चालू होता, डोक्यावर हेल्मेट होतं. ट्रॉली चिखलानं माखलेली, दिसलीच नाही. पायात अजून रॉड आहे. आधी त्या ट्रॉल्यांना टेप लावा, मग पोलिसांना लाईट लावा.

ऊसकरी (चिकोडी)
आला ऊसवाल्यावर! दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की सगळ्यांना ट्रॉली दिसते. भावा, ट्रॉली शेतकऱ्याची नसते, वाहतूकदाराची असते. तोडणाऱ्यांची टोळी येईल तेव्हा तोड, मग रात्री दोनला भरून निघायचं आणि कारखान्यावर नंबर लावायचा, उशीर झाला की ऊस वाळून घटलेलं वजन कोण देणार? आमचं बिल मागच्या हंगामातलं किती महिने लटकलं ते कुणी विचारत नाही. टेप आम्ही लावतो. ऊस भरताना घासते, चिखलानं झाकते, नाहीतर कुणीतरी सोलून नेते.

निपाणीकर
बिल लटकलं म्हणून माझ्या भावानं पाय द्यायचा काय? आणि त्या ट्रॅक्टरवर दोन-दोन भोंगे लावायला पैसे असतात, कानठळ्या बसवणारी गाणी रात्रभर चालू असतात. चारपाचशेच्या टेपला पैसे नाहीत?

ऊसकरी (चिकोडी)
भोंगे ड्रायव्हर लावतो, झोप येऊ नये म्हणून. सलग दोन रात्री जागून चालवून बघ म्हणजे कळेल. तुझ्या भावाचं वाईट वाटतं पण सगळ्या ऊसवाल्यांना एकाच दावणीला बांधू नको.

खानापूर रोड
आता भोंग्यावर चालू करू नका, विषय कुठला होता? तरी एक सांगतो, कारखान्याच्या वजनकाट्यावरच नियम पाहिजे. मागं टेप आणि लाल दिवा नसेल तर ट्रॉली आत घ्यायची नाही. दोन दिवसांत सगळ्या ट्रॉल्या चमकतील.

होमगार्डची बायको
बराच वेळ वाचत होते. आमचे मालक होमगार्ड आहेत. ड्युटीचे पैसे वेळेवर येत नाहीत हा विषय वेगळा, त्यावर बोलायला लागले तर रात्र पुरणार नाही.

मिळालेलं टेपचं जॅकेट मी रोज ब्रशनं घासून धुवायचे, धुराचा काळा थर बसायचा ना. दिवाळीपर्यंत टेपची चमक गेली, बोटानं चोळलं की चंदेरी भुकटी निघायची. नंतर कळलं की चांगल्या जॅकेटच्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत टिकेल ते लिहिलेलं असतं. ह्यांच्या जॅकेटला लेबलच नव्हतं. आणि पावसात साधी टेप भिजली की पाण्याचा थर बसून आणखी मंद होते.

मग एका ओळखीच्यांनी लाईटचे हातमोजे दिले, बोटांवर बारीक एलईडी, आत बटणासारखा सेल. पहिल्या पावसातच सेलच्या जागी हिरवट थर बसला आणि एका हाताचा उजेड गेला. एक हात पेटलेला आणि एक विझलेला, गाडीवाल्यांना उलटंच समजायला लागलं. ते मोजे मीच काढून ठेवले.

आता हे काय करतात सांगते. मनगटाला आणि घोट्याला रुंद टेपचे पट्टे बांधतात आणि हातात लाल दांडी, मोठ्या सेलची, सेल संपले तर चौकातल्या कुठल्याही दुकानात मिळतात. छातीवरची पट्टी नुसती चमकते, खांब आहे का माणूस आहे ते लांबून कळत नाही. मनगट आणि घोटा हलले की माणूस आहे हे लगेच कळतं. ह्यांना चालकांनीच सांगितलंय.

अनगोळ नाका
बघा वहिनी, टेपच कामाला आली ना शेवटी.

वडगावकर
दांडी पण आली की! वहिनींचं अर्धंच वाचलंसा काय?

कपिलेश्वर तलाव मंडळी
विसर्जनाच्या रात्री आम्ही स्वयंसेवक दोरी धरून गर्दी हाताळतो, मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते हे इथं सगळ्यांना माहीत आहे. तिथं लाईटचं जॅकेट घालून बघितलंय. डीजेचे लाईट, लेझर, एलईडी वॉल, त्यात आमचं लुकलुकणं कुणाला दिसतंय? ट्रॅक्टरवाला मागं घेताना पोरं चाकाजवळ असतात आणि तो आमच्याकडं बघून पण बघत नाही. शेवटी एक जाड लाल दांडी, न लुकलुकणारी, डोक्याच्या वर आडवी धरली की मगच थांबतो. त्यामुळं लाईट पाहिजेच, पण लुकलुकणारा नको आणि अंगभर नको.

अनगोळ नाका
बरं. दांडीला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. माझा विरोध अंगभर पेटणाऱ्या जॅकेटाला आहे, जे पहिल्या पावसात मरतं आणि बिल मात्र पूर्ण लागतं. दांडी घ्या, पण सुटे सेल घालता येतील अशी घ्या, आणि बरोबर बाह्यांवर टेप असलेलं लेबलवालं जॅकेट घ्याच. नुसत्या दांडीवर माणूस उभा करू नका. सेल गेला की तो परत अंधारात.

वडगावकर
एवढं मान्य केलंत तर काल सगळ्या लाईटना टेंडरचा खेळ कशाला म्हटलात? वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तेवढंच वाक्य पाहिजे असतं, "लोकच नको म्हणतात."

अनगोळ नाका
टेंडरचं मी मागं घेत नाही. तुम्ही स्वतः जाऊन खरेदीचे कागद मागवा, मग बोलू.

निपाणीकर
आणि ट्रॉल्यांचं काय ठरलं?

ऊसकरी (चिकोडी)
काट्यावर अडवणार असतील तर माझी तक्रार नाही, पण सगळ्यांची अडवा, पुढाऱ्यांच्या ट्रॉल्या पण. माझ्या शेतातून जो ट्रॅक्टर भरून निघेल त्याच्या मागं ह्या हंगामात मी स्वतः टेप लावतो, मागच्या फळीवर खालच्या बाजूला, जिथं ऊस लोंबून झाकत नाही. तू तेवढं भावाला सांग.