समरी ऑफ एव्हिडन्स चालू आहे, भावाला वकील देता येतो का?

कोरेगावकर७
नमस्कार मंडळी. चुलतभाऊ आर्मीत शिपाई आहे. सुट्टीवर आला तेव्हा चुलते आयसीयूत होते म्हणून २६ दिवस जास्त राहिला, एक्स्टेंशन मागितलं नाही वर फोनपण बंद ठेवला (शहाणपणा!), मग आपणहून हजर झाला. आता समरी ऑफ एव्हिडन्स (खटल्याआधीचे साक्षीदारांचे जबाब) लिहून घेतायत, पुढं समरी कोर्ट मार्शल (युनिटमधलाच लष्करी खटला) होईल म्हणतो. बरोबरची पोरं सांगतायत कबूल करून टाक, सीओसाहेब (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) सांभाळून घेतील. वकील पाठवावा का?

माजी_सुभेदार
आधी घरच्यांना धीर द्या. ३० दिवस भरले असते तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी (गैरहजेरीची लष्करी चौकशी) बसली असती, ते टळलं. समरी ऑफ एव्हिडन्स झाल्यावरही सीओ मनात आणलं तर आर्मी अ‍ॅक्टच्या कलम ८० खाली, कोर्ट मार्शल न करता स्वतःच शिक्षा देऊन मिटवतो, त्यात कैद फार तर २८ दिवस. पण खरं काम आत्ताच आहे. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क पोराला आहे, आर्मी रूल्सचा रूल २३, आणि उत्तर कागदावर चढतं. आमच्याकडं बहुतेक जण साहेबापुढं तोंड कसं उघडायचं म्हणून गप्प, मग क्लार्क टाइप करतो 'आरोपीने उलटतपासणीस नकार दिला', खाली सही, विषय संपला. हॉस्पिटलचे पेपर ताबडतोब पाठवा.

काळाकोट
सुभेदारसाहेबांशी सहमत. समरी कोर्ट मार्शलमध्ये वकील देता येतो पण रूल १२९ मुळे तो नुसता शेजारी बसणार, कोणता प्रश्न विचार ते कानात सांगणार, स्वतः उलटतपासणी नाही की कोर्टापुढं भाषण नाही. कोर्ट म्हणजे सीओ एकटाच. बाजूला दोन ऑफिसर किंवा जेसीओ (सुभेदार वगैरे) बसतात पण त्यांना मत नसतं. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर १ वर्षापर्यंत कैद, खालचा असेल तर ३ महिने, आणि डिसमिससुद्धा करू शकतो. कबुली दिली की साक्षीदार बोलावतच नाहीत, हीच समरी वाचून फाइलला लावतात. म्हणजे त्यात वडिलांच्या आजाराचा शब्द नसेल तर तुम्ही समजून जा. चार्ज सांगितल्यापासून खटल्यापर्यंत ९६ तास मिळायला हवेत, तेवढ्यात वकील गाठा. निकालात डिसमिस किंवा ३ महिन्यांपेक्षा जास्त कैद आली तर एएफटीत (लष्करी न्यायाधिकरणात) जाता येतं, मुंबईत बेंच आहे.

फौजी_पोरगा
सीओशी आधीचं काही वाकडं आहे का? असेल तर त्याच्यापुढं खटला चालवायला हरकत घ्यायला सांगा. १९८७ ची रणजित ठाकूर केस बघा, ज्या सीओची तक्रार केली तोच कोर्टात बसला, जेवायला नकार दिला म्हणून १ वर्ष सक्तमजुरी आणि डिसमिस! सुप्रीम कोर्टाने सगळं उडवलं.

कोरेगावकर७
सीओशी काही वाद नाही म्हणतो. पण दोन साक्षीदारांवर 'नकार दिला'ची सही करून बसलाय, तिसरा उद्या आहे. डिस्चार्ज कार्ड आणि आयसीयूची बिलं आत्ताच स्पीड पोस्टने टाकून आलो, फोटोपण पाठवलेत.