सिमरनला घेऊन राज पळून गेला असता तर?

मधली_सुट्टी
‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (डीडीएलजे) आवडतो म्हटलं की दोन टोमणे ठरलेले. पहिला, ‘अजून राजची वाट बघतेस का गं?’ त्याला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरा जरा शिकल्यासवरल्यांचा: ‘काय तो सिनेमा, पोरीला घेऊन सरळ निघून जायचं सोडून नायक तिच्या बापाची मनधरणी करत बसतो.’ हा धागा त्या दुसऱ्यासाठी.

सगळ्यांनी पाहिलेला असतोच, तरी उजळणी. लंडनमध्ये दुकान चालवणाऱ्या बलदेव सिंगने थोरल्या मुलीचं, सिमरनचं, लग्न पंजाबातल्या मित्राच्या मुलाशी, कुलजीतशी, लहानपणीच ठरवून टाकलंय. लग्नाआधीच्या युरोप सहलीत तिला राज भेटतो. बापाच्या कानावर पडतं, तो तडकाफडकी बिऱ्हाड उचलून पंजाबात येतो, मागोमाग राज. तिथे सिमरनची आई, लाजो, त्या दोघांपुढे दागिन्यांची पुरचुंडी धरते आणि म्हणते, हिला घेऊन जा इथून. राज ती परत करतो.

माझ्या मते सबंध सिनेमातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच. पळून जाणारे दोघं सुटतात. दागिने कुठे गेले याचा जाब कुणाला द्यावा लागणार? धाकटी चुटकी अजून शाळेत आहे. थोरली पळाली की धाकटीचा क्लास बंद, फोन बंद, बारावी होताच स्थळं सुरू, हे आपल्यापैकी कितीतरी जणींनी वाड्यात, चाळीत, सोसायटीत पाहिलंय. मुंबई-पुण्यातसुद्धा.

म्हणून म्हणते, या सिनेमावर जीव असणाऱ्या बायकांना राज हवा असतो हा गैरसमज आहे. ओळखीचं असतं ते सिमरनचं घर. बाप येतोय म्हटल्यावर टेपवरचं गाणं बदलणाऱ्या तिघी. एका महिन्याची सहल मागायची तर वेळ बघून, बापाचा मूड सांभाळून, जवळजवळ भीक मागितल्यासारखी मागणारी मुलगी. आणि लाजोचं ते बोलणं, की भावांच्या शिक्षणापायी माझं शिक्षण थांबलं, मुलीवर ही वेळ येऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं, आणि आज मीच तिचं सुख मागायला तिच्यापुढे आले. लाजो झालेल्या फरीदा जलाल तिथे आवाजसुद्धा चढवत नाहीत. युरोपातले फुलांचे ताटवे कुणी पाहिले होते हो १९९५ साली! पण टेपवरचं गाणं घराघरांत बदललं जात होतं.

तिरकस_रेघ
साफ असहमत. धाकटीची शाळा सुटेल म्हणून थोरलीने गप्प बसावं, याला तुम्ही शहाणपण म्हणता. मी ओलीस धरणं म्हणतो. आणि ओलीस धरणाऱ्याला दोष द्यायचा सोडून ओलिसाला समजूतदारपणा शिकवायचा ही आपली जुनी खोड.

सिमरन काय म्हणते ते ऐकतं का कुणी? ती राजला स्पष्ट सांगते, मला इथून घेऊन चल. तो नाही म्हणतो. म्हणजे बलदेवने तिला न विचारता कुलजीत ठरवला आणि राजने तिला न विचारता ठरवलं की मी तुला बापाच्या हातूनच घेणार. शेवटी गाडी सुटते, ती मनगट सोडवायला धडपडते, रडते, विनवते. बाप सोडतो तेव्हा ती धावते. सोडतो तेव्हा! हे फलाटावरचं कन्यादान आहे, फक्त भटजी गैरहजर. पोरीच्या हिसक्याने तो हात सुटला असता तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

आपटा_फाटा
तो फलाट आमचा बरं का. पंजाब-बिंजाब काही नाही, पनवेल-रोहा मार्गावरचं आपटा स्टेशन. चालू द्या.

मधली_सुट्टी
@तिरकस_रेघ, हिसक्याने सुटला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या, रडू आलं नसतं. तिला राज हवा होता आणि माहेरही हवं होतं. पळून गेलेल्या मुलीला पहिली दिवाळी कुठे असते सांगा. बाळंतपणाला ती कुणाकडे जाते? आईशी बोलायचं तर बाप आंघोळीला गेल्यावर दोन मिनिटं, तेही शेजारच्या काकूंच्या फोनवरून. मला अशी एक बाई जवळून माहीत आहे. नवरा सोन्यासारखा, संसार उत्तम, आणि तरी आईच्या तेराव्याला ती गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसून होती. आत जायची हिंमत झाली नाही. ‘घेऊन चल’ म्हणणाऱ्या सिमरनला त्या घटकेला हे दिसत नाही. राजला दिसतं.

तिरकस_रेघ
म्हणजे तिला काय हवंय हे तिच्यापेक्षा त्याला जास्त कळतं. हेच तर बलदेवही म्हणतो की! ताई, रिक्षातल्या बाईबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण तिला आत घेतलं नाही हा गुन्हा घरातल्यांचा आहे, पळून जाण्याचा नाही.

काळी_जमीन
तुम्ही दोघंही एक गोष्ट सोडून बोलताय. राजला परवानगी मागता येते कारण ती मिळण्यासारखी आहे. दोघं पंजाबी, दोघं हिंदू, मुलाचा बाप लंडनचा गडगंज मल्होत्रा. अडचण काय, तर बापाने आधी दुसरीकडे शब्द दिलाय आणि या पोराने कधीतरी डोकेदुखीच्या गोळीचं निमित्त करून दुकानातून बिअर नेली होती. बस, एवढंच.

२०१६ चा ‘सैराट’ आठवा. पाटलांची आर्ची, मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या. परश्याने पाटलांच्या दारात जाऊन राजसारखे कबुतरांना दाणे टाकले असते तर चाललं असतं का? दाण्यांसकट गाडला असता. त्यांना पळावंच लागतं, पार हैदराबादपर्यंत. आणि मधली_सुट्टी, तुमच्या माहेराचं उत्तरही तिथेच आहे. शेवटी माहेरची माणसं येतात, आईने पाठवलेल्या भेटी घेऊन येतात, आर्ची चहा ठेवते. पोर शेजारणीबरोबर बाहेर गेलं होतं म्हणून तेवढं वाचतं.

आमच्या कॉलेजात पोरं ‘सैराट’च्या गाण्यांवर नाचायची आणि घरी डीडीएलजे बघायची. कुठला सिनेमा आपला आणि कुठला फक्त बघायचा हे सगळ्यांना कळत होतं. मला राज आवडत नाही असं नाही. पण त्याच्या जागी मी स्वतःला कधी बसवूच शकलो नाही. त्या सीटचं तिकीट आमच्या आडनावाला मिळत नाही.

मधली_सुट्टी
@काळी_जमीन, याला माझ्याकडे उत्तर नाही. मी ज्या घरांबद्दल लिहिलं तिथे बाप चिडतो, अबोला धरतो, फार तर हात उगारतो. कोयता काढत नाही. माझं म्हणणं तेवढ्या घरांपुरतं खरं आहे असं धरा.

नोटरी_बाई
थोडं व्यवहाराचं. सिनेमात पळून जाणाऱ्यांना एक देऊळ पुरतं. आपल्याकडे दोघं हिंदू असतील तर आळंदी आहेच, सकाळी गेलं की संध्याकाळी हार घालून परत. पण धर्म वेगळे असतील आणि धर्म बदलायचा नसेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. पळून जाणाऱ्याने आपला पत्ता स्वतःहून भिंतीवर चिकटवायचा! घरच्यांना कुणीतरी कळवतंच.

२०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप पंचायत किंवा असा कुठलाही जमाव आडवा येऊ शकत नाही. धोका असलेल्या जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्ष, असेही निर्देश दिले. माझ्याकडे येणाऱ्या पोरापोरींना मी हे आधी सांगते. डीडीएलजे मलाही आवडतो, पण अशिलांना बघायला सांगत नाही.

टेम्सकाठी
लंडनहून लिहितेय, त्यामुळे सिमरन अक्षरशः आमच्या गावची. इथल्या शिक्षकांनी तिची गोष्ट ऐकली तर ते तिला प्रेमकथा म्हणणार नाहीत. मुलीला न विचारता लग्न ठरवलं, प्रेम कळताच दुसऱ्या देशात नेलं, परत यायची वाट बंद केली. जबरदस्तीने लग्न लावणं हा इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ पासून फौजदारी गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. त्यासाठी परदेशात नेणंही त्यातच आलं.

कर्म निर्वाणा नावाची एक संस्था इथे अशा मुलींना मदत करते. त्यांचा एक सल्ला खूप गाजला होता: जबरदस्तीने नेत असतील तर अंतर्वस्त्रात एक चमचा लपव. विमानतळावर यंत्र वाजेल, तपासायला एकटीला बाजूला घेतील, तिथे घरच्यांच्या नकळत बोलता येईल. हे वाचल्यापासून बलदेव कुटुंबाला पंजाबात आणतो तो प्रसंग मला सरळ बघता येत नाही. अमरीश पुरींच्या मागून खाली मान घालून चाललेली काजोल दिसते आणि डोक्यात चमचा येतो.

तरीही मधली_सुट्टीचं एक पटतं. इथेही कायदा आहे आणि मुली तक्रार करत नाहीत, कारण तक्रार म्हणजे आपल्याच आईबापाला तुरुंगात घालणं. त्यांना लग्न नको असतं, बाप हवा असतो. राज नेमकी तीच अशक्य गोष्ट मिळवून देतो. म्हणून तो परीकथेतला आहे. आणि परीकथा म्हणून तो मला अजून आवडतो, काय करू.

मँडोलिनवाला
मी फक्त ती धून वाजते तिथपर्यंत बघतो. बाकी तुमचं चालू द्या.

मॅटिनी_११_३०
सगळ्या चर्चेत बायकांच्याच आवडीचं चाललंय म्हणून लिहितो. मराठा मंदिरला जाऊन बघा. समोर मुंबई सेंट्रल, बाजूला एसटीचा डेपो. २० ऑक्टोबर १९९५ ला लागलेला सिनेमा, डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवडे झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये थिएटरने उतरवायचं ठरवलं तर लोकांनी इतका ओरडा केला की पुन्हा लावावा लागला. तिकीट मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त. आणि आत बहुतेक पुरुष. गाडीला वेळ आहे म्हणून आलेले, रात्रपाळी करून आलेले, पाचव्यांदा-पंधराव्यांदा आलेले. संवाद पडद्याच्या आधी म्हणतात.

माझ्या शेजारी एकदा एक टॅक्सीवाले चाचा होते. मारामारीत ते मोबाइल बघत होते. राज सगळ्या बायकांच्या गराड्यात बसून आत्याबाईला साडी निवडून देतो तिथे मात्र खुदकन हसले आणि मला म्हणाले, ‘ये काम आना चाहिए.’ आता यात पितृसत्ता शोधा.

फोडणी
साडी निवडण्याचं कौतुक ठीक आहे, पण पहिला तास विसरलात? आगगाडीत अनोळखी मुलीच्या अंगचटीला येणं, तिची अंतर्वस्त्रं हातात धरून चेष्टा करणं, आणि ती दारू पिऊन झोपून उठल्यावर ‘रात्री आपल्यात सगळं झालं’ अशी थाप मारून तिला रडवणं. मग लगेच ‘मी हिंदुस्तानी आहे’ चं प्रवचन. तेच कुलजीतने केलं असतं तर? त्याला तर आपण नुसत्या शिकारीच्या बंदुकीवरून खलनायक ठरवून मोकळे होतो.

हे निरुपद्रवी नसतं. २०१५ साली ऑस्ट्रेलियात, टास्मानियामध्ये, एका भारतीय तरुणावर दोन स्त्रियांचा पिच्छा पुरवल्याचा खटला चालला. त्याच्या वकिलाने बाजू काय मांडली, तर हिंदी सिनेमे बघून त्याला वाटलं की मागे लागलं की मुलगी शेवटी हो म्हणते. कोर्टाने त्याला तुरुंगात धाडलं नाही, चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडलं. आपल्या आवडीचा बचाव थेट न्यायालयात झाला, घ्या!

मॅटिनी_११_३०
@फोडणी, वकील अशिलाला वाचवायला काहीही म्हणेल हो. त्या दिवशी ढग आले होते असंही म्हणाला असता.

फोडणी
म्हणाला असता. पण ढग म्हणून सुटका झाली नसती.

खिडकी_सीट
पुढच्या पिढीचंही कुणीतरी लिहा. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी गेल्या जुलैत, २०२५ च्या, ‘सैयारा’ बघून थिएटरात हुंदके देत होत्या. मी मुद्दाम बघून आलो. एक गोष्ट खटकली: त्यात कुणाला कुणाची परवानगीच मागायची नाही. आडवा काय येतो, तर मुलीचा विस्मृतीचा आजार. बाप खलनायक असण्याची गरजच संपली. भाचीला विचारलं, तुला यातलं काय आपलंसं वाटलं? म्हणाली, ‘मामा, कुणीतरी आपल्याला विसरेल याची भीती.’ लग्न, घर, जात यातलं काहीच नाही. आता हे घरचे बाप सुधारल्यामुळे की सिनेमावाल्यांनी बापाशी भांडणच सोडून दिल्यामुळे, हे मला ठरवता येईना.

काळी_जमीन
दुसरं. बाप आहेत तिथेच आहेत, कॅमेरा हलवलाय.

मधली_सुट्टी
पहिला तास मी पुढे ढकलूनच बघते, फोडणी. त्याचा बचाव करणार नाही. पण दागिने परत करण्यावर मी ठाम आहे. लाजोला एकटीला त्या घरात सोडून जाणं मला आवडलं नसतं.

तिरकस_रेघ
मग लाजोलाही बरोबर घेऊन जायचं! गाडीत जागा होती की.

आपटा_फाटा
सगळे राज-सिमरन-लाजो करताय, कुलजीतच्या बहिणीचं काय? प्रीती. तिच्यासाठी राजचं स्थळ बघत होते, हा पठ्ठ्या घरात राहता यावं म्हणून तिला झुलवत ठेवतो. परवानगीचा एवढा भोक्ता ना हा? तिला कधी विचारलं? गाडी गेल्यावर तिचा मोडका भाऊ फलाटावर, ती घरी, आणि गावभर चर्चा हिचीच. मंदिरा बेदीचं काम होतं, कुणाला आठवतही नसेल.

टेम्सकाठी
आठवतं. मी शाळेत असताना तिची बाजू घेतली म्हणून मैत्रिणींनी मला दोन दिवस डब्याला बसू दिलं नव्हतं.

तिरकस_रेघ
आपटा_फाटा, वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.