मदत हवी आहे: युरोपच्या कलेत मध्ययुगातून रेनेसाँ (प्रबोधनकाळ) नेमका कसा आला?

टोकदार_पेन्सिल: शुक्रवारी सबमिशन आहे. मॅडमनी दोनदा परत केलं, शेरा एकच: "एकदम कसं बदललं?" मी लिहिलंय, आधी सगळं सपाट होतं, मग रेनेसाँ आला आणि खोली आली. बदलताना दिसेल असं एकच उदाहरण सांगा. प्लीज लवकर.

आडनाव_नको: चित्रकला की वास्तुकला? कितवीला आहात?

निवृत्त_मास्तर: एक नाही, तीन बघा. इटलीत फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात तीन चित्रकारांची चित्रं आहेत: चिमाबुए, दुच्चो (चित्र १२८५ चं) आणि जोत्तो (चित्र १३०० नंतरचं). तिघांचा विषय तोच: सिंहासनावर मेरी, मांडीवर बाळ येशू, मागे सोन्याचा वर्ख. चिमाबुएचे देवदूत डब्यावर डबा ठेवावा तसे रचलेत. जोत्तोकडे पुढच्याच्या प्रभावळीमागे मागच्याचं तोंड झाकलं जातं. आणि मेरीचे गुडघे बघा, कापडाखाली जाणवतात. वर्ख तोच, बसणं बदललं.

विटा_वाळू: चित्रांचं राहू द्या, खरी गंमत बांधकामात. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट, १४२० ते १४३६. सुमारे ४५ मीटरचा गाळा आणि जमिनीवरून सेंटरिंग (आधाराचा लाकडी सांगाडा) नाही! आत एक, बाहेर एक अशी दोन कवचं. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या, म्हणजे चुना धरेपर्यंत थर घसरत नाही. पण आकार बघाल तर टोकदार, गॉथिक म्हणजे मध्ययुगीन कमानीचाच.

निवृत्त_मास्तर: म्हणजे मी म्हणतो तेच. हळूहळू.

विटा_वाळू: हळूहळू कसं? जोत्तो आणि घुमट यांच्यात शंभरेक वर्षं आहेत. १३४८ ची प्लेगची साथ मध्येच. तो काळ तुम्ही गिळलात.

भटकी_मावशी: उफिझी सोमवारी बंद असतं हो! आम्ही नेमके सोमवारी गेलो. मग स्टेशनसमोरच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये शिरलो. तिथे भिंत फोडून आत खोली काढलीय असं वाटणारं चित्र होतं. हे तर हात लावायला निघाले होते. कोणाचं ते विसरले.

आडनाव_नको: मावशी, ते मासाच्चोचं 'त्रिमूर्ती' (पिता, क्रुसावरचा येशू आणि पवित्र आत्मा), साधारण १४२७ चं! अर्धगोल छत, त्यात चौकोनी कप्पे, अगदी रोमन पद्धतीचं. सगळ्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला मिळतात. गिलाव्यात कोरलेल्या आखणीच्या रेषा अजून आहेत.

मांडवीकाठ: अवांतर: इटलीला कशाला जायचं, जुन्या गोव्यातलं रोझरी चर्च बघा. दोरखंडासारखी नक्षी, पोर्तुगीज गॉथिकचं शेवटचं टोक.

विटा_वाळू: शुक्रवारपर्यंत गोवा?

टोकदार_पेन्सिल: सॉरी, सांगायचं राहिलं. इंटिरिअर डिझाइन, दुसरं सेमिस्टर. विषय 'अवकाश'. चित्र चालेल का माहीत नाही.

निवृत्त_मास्तर: हे आधी सांगायचं नाही का?

आडनाव_नको: मग मासाच्चोच घ्या, चित्रातच खोली आहे. शेजारी चिमाबुएचं सिंहासन ठेवा. दोन्हींवर पट्टी लावून रेषा पुढे वाढवा, इंटरमिजिएटला काढायचो तशा. कुठे मिळतात, कुठे भरकटतात ते मॅडमना दाखवा.

टोकदार_पेन्सिल: पट्टी लावली. सिंहासनाच्या रेषा कुठेच नीट जमत नाहीत. मासाच्चोचा मोठा फोटो कोणाकडे आहे का? माझ्याकडचा झूम केला की फुटतो.