बंदुकीचा कायदा कडक केला की हिंसा कमी होते का?

उमरेडरोडवाला: गावी आजोबांची बाराबोर बंदूक होती, रानडुकरांसाठी परवाना काढलेली. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा व्हायची आणि पावती आजी देवघरात ठेवायची. पूर्वी वरात दारात आली की आजोबा हवेत दोन बार काढत. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आला. आता आमच्या गावात कोणी बार काढला तर वऱ्हाडीच हात धरतात. कायद्यानं माणसाचं मन बदलतं, हे मी पाहिलं आहे.

कॉटनमार्केट: भाऊ, त्याच दुरुस्तीनं परवान्यावरच्या बंदुका तीनच्या दोन केल्या. तिसरी जमा कोणी केली? कायदा पाळणाऱ्यानं. मध्य प्रदेशातून येणारा देशी कट्टा कोणत्या रजिस्टरात आहे? आणि २००४ आठवा. आपल्या नागपुरातल्या कस्तुरबानगरच्या बायकांनी वस्तीला छळणाऱ्या गुंड अक्कू यादवला भर कोर्टात मारलं ते डोळ्यांत तिखट टाकून, सुऱ्यांनी. पोलीस ऐकत नव्हते, म्हणून. तिथं बंदुकीचा कायदा काय करणार होता?

रात्रपाळी: मी कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. मागच्या महिन्यात एक पोरगं आलं, बाविशीचं, पोटात चाकू. पानठेल्यावर ऐंशी रुपयांच्या उधारीवरून भांडण झालेलं. मारणारा त्याचाच दोस्त. त्यानंच गाडीवर घालून आणलं, शर्टाचा बोळा जखमेवर दाबून. पोरगं वाचलं. दोस्ताच्या कमरेला कट्टा असता तर टाके घालायची वेळच आली नसती. तो राग दोन मिनिटांचा होता हो.

कॉटनमार्केट: ताई, हे पटलं. पण नऊ इंचांहून लांब पात्याच्या तलवारीलाही कायदा लागतोच ना? तरी आमच्या गल्लीतले पोट्टे वाढदिवसाचा केक तलवारीनं कापतात.

उमरेडरोडवाला: ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये एकानं ३५ माणसं मारली. सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. तिथं स्वसंरक्षणासाठी म्हणून परवाना मिळत नाही, आपल्याकडे मिळतो. मला तोच फरक मोठा वाटतो. आजोबा गेल्यावर वारस म्हणून बाबांना परवाना मिळाला असता. त्यांनी अर्जच केला नाही.

कॉटनमार्केट: तिथले बंदुकीचे खून १९९६ च्या आधीपासूनच उतरत होते, आणि चारी बाजूंनी समुद्र. आपल्या इथून राज्याची हद्द दोन तासांत येते. बाबांनी मनानं सोडली, त्यांचा मान आहे. पण कट्टा बनवणाऱ्याला सात वर्षं ते जन्मठेप लिहून ठेवलेली असताना बातमीत दिसतो तो विकत घेणारा पोट्टाच. पोलीस भट्टीपर्यंत पोचू द्या, मग मी तुमच्या बाजूनं लिहीन.