गोधडीवर, क्विल्टवर आखणी कशाने करता? अनुभव सांगा

थंडीच्या तोंडावर बऱ्याच जणी गोधड्या, क्विल्ट शिवायला काढतात आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो. टाक्यांसाठी रेघा कशाने आखायच्या? दुकानात विचारलं की "धुतल्यावर जातं ताई" एवढंच उत्तर मिळतं. कशात धुतल्यावर, किती दिवसांत, इस्त्री आधी फिरवली तर काय, हे कोणी सांगत नाही. महिनोन् महिने खपून शिवलेल्या गोधडीवर रेघ कायमची राहिली तर जीव हळहळतो, म्हणून हा धागा काढते आहे.

माझं मत आधी मांडते. रेघ किती छान उमटते हे पाहून पेन घेऊ नये. ती गोधडी पुढे कशाकशातून जाणार आहे ते बघावं: पाणी, साबण, इस्त्री, ऊन, वर्षभर कपाटात पडून राहणं. तुम्ही कोणत्या कापडावर काय वापरलंत आणि पुढे त्या खुणेचं काय झालं, तेवढं जरूर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी हलक्या रंगाच्या सुती कापडावर पाण्याने जाणारं निळं पेन वापरते आणि त्यावर माझा भरवसा आहे, पण त्याचे नियम कडक आहेत. रेघ असताना इस्त्री लावायची नाही. आखलेलं कापड कडक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवायचं नाही. उष्णता लागली की निळी रेघ तपकिरी होऊन बसते आणि मग ती निघत नाही. दुसरं, साबणाच्या आधी नुसतं गार पाणी. आपल्याकडच्या धुण्याच्या पावडरी अल्कधर्मी असतात, त्या थेट पडल्या तरी तोच पिवळट-तपकिरी डाग उमटतो. तिसरं, फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारून भागत नाही. वरून रेघ गेल्यासारखी दिसते, पण शाई आतल्या बॅटिंगमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या कापडांमधल्या भरावाच्या थरात, उतरते आणि कापड वाळताना पुन्हा वर येते. अख्खी गोधडी बादलीत किंवा टबात बुडवावी लागते.

आणि इथेच आपल्या कापडांची खरी अडचण आहे. पांढऱ्याशेजारी लाल खण किंवा गडद निळं कापड जोडलेलं असेल, तर निळी रेघ घालवायला गोधडी पाण्यात बुडवायची आणि त्याच पाण्यात लाल रंग सुटायचा. म्हणून कापड कापायच्या आधी मी प्रत्येक रंगाचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवते. फडक्यावर रंग उतरला, तर ते कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुते. तरीही रंग सुटतच राहिला, तर त्या गोधडीला निळं पेन लावतच नाही.

नाशिकहून, रसायनशास्त्र शिकवते

आपोआप उडून जाणाऱ्या जांभळ्या पेनाबद्दल लिहिते, कारण त्याची गंमत माझ्या विषयातली आहे. बारावीच्या टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलीन वापरलेलं आठवतं ना? अल्कली असताना गुलाबी, नाहीतर बिनरंगी. या पेनांचं तत्त्व तेच. त्यांत थायमॉलफ्थॅलीनसारखे दर्शक, म्हणजे अल्कलीप्रमाणे रंग बदलणारी रसायनं, असतात. थायमॉलफ्थॅलीन पीएच (अल्कलीपणाचं माप, जास्त आकडा म्हणजे जास्त अल्कधर्मी) १०.५ च्या वर निळं दिसतं आणि ९.३ च्या खाली बिनरंगी होतं. शाई अल्कधर्मी असते. कापडावर रेघ ओढली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा तिच्यातली अल्कली मारतात आणि रंग दिसेनासा होतो.

म्हणजे जातो तो रंग. रसायन कापडातच असतं. वर्गात मी हे दाखवते. रेघ उडून गेलेली पांढरी चिंधी घ्यायची, धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब त्या जागी टाकायचा. थेंब पसरतो तेवढ्याच गोलात रेघ पुन्हा उठते, बाकीची चिंधी कोरीच. मुलांना ते जादूसारखं वाटतं, पण शिवणाऱ्या बाईला ते माहीत असलंच पाहिजे. म्हणून रेघ दिसत नसली तरी पहिली धुलाई साध्या पाण्यात, साबण नंतर. आणि "आपोआप गेली, आता धुवायची काय गरज" असं म्हणून गोधडी तशीच कपाटात ठेवू नये.

रत्नागिरीहून

आमच्याकडे पावसाळ्यात जांभळं पेन अजिबात टिकत नाही. पाकिटावर एक-दोन दिवस लिहिलेले असतात, पण दमट हवेत सकाळची रेघ दुपारच्या चहापर्यंत फिकी होते. वरच्या ताईंनी कारण सांगितलं ते बरं झालं. मी एका बैठकीत शिवून होईल तेवढाच भाग आखते. सबंध क्विल्ट आधी आखून ठेवायची असेल, तर कोकणात हे पेन कामाचं नाही.

मिनेसोटाहून

इस्त्रीने जाणाऱ्या पेनाविषयी इथल्या थंडीने जे शिकवलं ते सांगते. या पेनांची शाई साधारण ६० अंश सेल्सियसला बिनरंगी होते. इस्त्री फिरवली की रेघ गायब, त्यामुळे मशीनवर काम करणाऱ्या सगळ्याजणी या पेनाच्या प्रेमात असतात. पण हीच शाई उणे १० च्या खाली गेली की परत दिसू लागते, आणि उणे २० च्या आसपास चांगली ठळक होते. आमच्याकडे जानेवारीच्या रात्री पारा त्याच्याही खाली जातो. इथल्या शिवणमंडळातल्या एका बाईंची क्विल्ट भेट म्हणून पोस्टाने गेली, रात्रभर बाहेरच्या पेटीत राहिली आणि सकाळी उघडली तेव्हा पांढऱ्या चौकटींवर सगळी आखणी हजर. पुन्हा इस्त्री केल्यावर गेली, पण प्रत्येक हिवाळ्यात हे कोण करत बसणार?

महाराष्ट्रात तुम्हाला हे कधीच दिसणार नाही आणि म्हणूनच जास्त लिहिते आहे. आया, सासवा, मावश्या तिकडून क्विल्ट शिवून आमच्याकडे पाठवतात. ती कुठे जाणार हे माहीत असेल तर चिंधीवर रेघ ओढा, इस्त्रीने घालवा, चिंधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. घरचा फ्रीजर उणे १८ च्या आसपास असतो, तेवढं पुरतं. सकाळी काय ते कळेल. गडद कापडावर आणखी एक भानगड आहे. रंग गेला तरी शाईतलं बाकीचं द्रव्य राहतं आणि काळ्या, निळ्या कापडावर फिकट पांढरी रेघ दिसत राहते. ही पेनं मुळात कागदावर लिहिण्यासाठी बनवलेली आहेत. शिवणीच्या आत जाणाऱ्या खुणांना मी ती वापरते, वर दिसणाऱ्या टाक्यांना नाही.

कोल्हापूरहून

तुमची सगळ्यांची पेनं वाचली. आमच्याकडं वाकळ म्हणतात आणि वाकळेला कुणी कधी रेघ मारलेली मी पाहिली नाही. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वरनं चांगलं नऊवारी घालायचं, कडा दुमडून घ्यायच्या आणि काठापासनं धावदोरा सुरू करायचा. चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. पहिल्या ओळीपासनं बोटभर अंतर सोडून दुसरी, दुसरीपासनं तिसरी. मागची ओळ हीच पुढच्या ओळीची आखणी.

आमच्या आत्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकळेखाली धरतात. सुईचं टोक त्या बोटाला लागलं की टाका सगळ्या थरांतून गेला हे कळतं. उजव्या हाताची तर्जनी मागच्या ओळीवर आडवी ठेवून अंतर बघतात. लुगड्याला काठ असला किंवा चौकडी असली तर तीच धरून जातात. ओळ जराशी वाकडी गेली तर पुढची तिच्याबरोबर वाकते, आणि ती वळणंच वाकळेची शोभा आहेत असं मी मनापासून मानते. ज्यांना पेनाची भीती वाटते त्यांनी एकदा असं शिवून बघा.

धारवाडहून

कोल्हापूरच्या ताईंच्या लिहिण्याला दुजोरा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी बायका 'कवंदी' शिवतात, तीही कडेपासून आत येते. तुकडे लावत लावत धावदोरा घालतात आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुलं' बसवतात. आखणीचं साधन कुठेच नाही, नजर आणि हात. शिवून झालेली कवंदी हातात घेतली की टाक्यांच्या ओळी कशा एकमेकींना धरून चालल्यात ते दिसतं.

पुण्याहून, शिवणकाम हाच व्यवसाय

खडूबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बाजारात टेलरिंगचे खडू दोन जातींचे मिळतात आणि दिसायला सारखेच असतात. एक मातीचा, दुसरा मेणाचा. नखाने खरवडून बघा. भुकटी पडली तर मातीचा, गुळगुळीत पापुद्रा निघाला तर मेणाचा. मेणाचा खडू लोकरीच्या सुटिंगसाठी आहे, तिथे तो इस्त्रीने जातो. सुती कापडावर त्याच्यावरून इस्त्री फिरली की मेण वितळून धाग्यात मुरतं आणि तेलकट रेघ राहते. गोधडीला मातीचाच घ्या, आणि पांढराच. लाल, निळ्या, पिवळ्या खडूतला रंग हलक्या कापडात अडकून बसतो. शाळेच्या रंगीत खडूंचंही तेच.

मातीच्या खडूची धार बोथट झाली की रेघ जाड येते. जुन्या ब्लेडने दोन्ही बाजूंनी तासून घ्यायची. खडूची रेघ हाताळताना झडते हे खरं, म्हणून शिवायच्या आधी थोडीच आखायची.

गडद कापडाला मात्र माझ्या मते अंगाच्या साबणाच्या उरलेल्या चिपेसारखं काही नाही. आमच्या वडिलांच्या दुकानात खडूच्या डब्यात साबणाच्या चिपा ठेवलेल्या असत. पांढरा, साधा साबण हवा. क्रीम किंवा तेल घातलेला नको, तो कापडाला चिकटपणा देतो. चीप चांगली वाळवून घ्या, कडा पातळ होते आणि रेघ सुतासारखी येते. धुतली की गेली, कारण ती साबणच आहे. फक्त ज्या कापडावर जांभळं किंवा निळं पेन आधी लागलंय तिथे साबणाची रेघ मारू नका. कारण नाशिकच्या मॅडमनी दिलंच आहे.

शिसपेन्सिल चालते का, असं गिऱ्हाईकं विचारतात. शिसं म्हणजे ग्राफाइट, ते पाण्यात विरघळत नाही, धुताना फक्त थोडं निघतं. एचबी मऊ असते, ती दोऱ्याला लागून दोरा काळपट होतो. मारायचीच असेल तर २एच, म्हणजे कडक शिशाची, हलक्या हाताने, आणि रेघ दोऱ्याखाली झाकली जाईल अशीच. बॉलपेन कधीही नाही, शिवणीच्या आतसुद्धा नाही. धुताना ती शाई पसरते.

ठाण्याहून

जुन्या पैठण्या आणि रेशमी साड्यांच्या क्विल्ट करते. रेशमाला पाण्याचे डाग पडतात, जरीचं काम पाण्यात घालायचं नाही, म्हणजे पाण्याने जाणारी सगळी साधनं बाद. इस्त्रीही मंद, म्हणून उष्णतेची पेनंही बाद. मी दोन गोष्टी वापरते.

सरळ रेघांसाठी हेरा मार्कर. हे जपानी शिवणकामातलं बोथट, चपटं साधन आहे. फूटपट्टी लावून दाबून ओढलं की कापडावर घडीसारखी चमकती रेघ उठते. शाई नाही, भुकटी नाही, काढून टाकायचं काहीच नाही. तीन थर एकत्र टाचल्यावर ओढलं तर बॅटिंगमुळे रेघ जास्त खोल बसते. खाली कडक पाट हवा. दिवा बाजूने तिरपा ठेवला की ती लखलखीत दिसते, डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही. फार जुन्या, विरलेल्या रेशमावर मात्र जोर लावू नका, घडीवरच चिरतं.

वेलबुट्टीसाठी पांढरा पातळ कागद. नक्षी त्यावर काढायची, कागद टाचायचा, त्याच्यावरूनच शिवायचं आणि नंतर फाडून काढायचा. पतंगाचा रंगीत कागद घेऊ नका, हाताच्या घामानेसुद्धा त्याचा रंग लागतो. मोठ्या चौकटींसाठी कच्चा टाका घालते, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने. वेळ लागतो. पण पन्नास वर्षांच्या साडीवर मी दुसरं काही लावू देणार नाही.

सोलापूरहून, भरतकामाच्या ऑर्डरी घेते

एकच नक्षी पुनःपुन्हा छापायची असेल तर खाका करा. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, रेघेवरून सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून भुकटीचा बोळा फिरवायचा. कारागीर गडद कापडावर पांढरी पावडर आणि हलक्यावर नीळ घेतात, रॉकेलमध्ये कालवून. रॉकेल उडून जातं आणि ठिपके राहतात. गोधडीला मी रॉकेल वापरत नाही, आतल्या थरात वास राहतो. कोरडा पांढरा खडू कुटून, मलमलच्या पुरचुंडीत बांधून आपटते. ठिपके झडायच्या आत साबणाच्या चिपेने जोडून घेते. लखनौच्या चिकनकामातही नक्षी लाकडी ठशाने, धुतल्यावर जाणाऱ्या निळ्या रंगात छापतात आणि भरून झाल्यावर कापड धुतात. तेव्हा धुऊन काढायची आखणी आपल्याकडे नवी नाही.

साताऱ्याहून

सुनेला सातवा लागलाय, बाळासाठी दुपटं शिवायचंय. वरचं जुनं धोतर आहे, अगदी मऊ, पांढरं. बाळाच्या अंगाला लागणार, तोंडात जाणार. निळं पेन चालेल का?

धागा सुरू करणारी

काकू, दुपट्याला मी पेन लावणार नाही. शाई धुऊन जाते, तरी धोतर इतकं पातळ असतं की ती लगेच आतल्या थरात उतरते, आणि दुपटं आठवड्यातून कितीदा गरम पाण्यात, साबणात पडणार. धोतर पांढरं असल्यामुळे साबणाची रेघही दिसायची नाही. दोन मार्ग आहेत. एक तर कोल्हापूरच्या ताईंसारखं धोतराच्या काठापासून बोटभर अंतराने आत या, लहान आकाराला ते फार सुरेख दिसतं. नाहीतर ठाण्याच्या ताईंसारखी दाबून रेघ ओढा. हेरा मार्कर नसेल तर लोणी लावायच्या बोथट सुरीची पाठ चालते, टोक मात्र लागू देऊ नका. धोतर जुनं आहे, तेव्हा हात हलका ठेवा, आणि एका वेळी दोन-तीनच ओळी ओढा, कारण मऊ कापडावर ही रेघ लवकर पुसट होते. शिवून झाल्यावर एकदा साध्या पाण्यातून काढून उन्हात वाळवा.